कॉक कुणी बंद केला?

१

पेट्रोलचा कॉक बंद होता.

पाटणच्या पोलीस ठाण्याच्या आवारात लालासाहेबाची लाल मोटारसायकल टेम्पोत चढवून झाली होती. ड्रायव्हर दोर आवळत होता. लालासाहेबाचे दोस्त दादासो शिणगारे टाकीवर हात ठेवून उभे होते, आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तसे. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी सहज टाकीखाली बोट घातलं, तर पितळी दांडी आत दाबलेली लागली.

त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं. दांडी आतच होती.

हा कॉक जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता. मूळचा इटालियन कॉक गळायला लागला तेव्हा लालासाहेबानं कुपवाडला लेथवर पितळेचा नवा करून घेतला होता. सगळ्या गाड्यांचा कॉक फिरवायचा असतो. हा ओढला की चालू, आत दाबला की बंद. इंजिनाच्या आडोशाला असा लपलेला, की ठाऊक नसलेल्याला सापडायचाही नाही.

"गाडीला कुणी हात लावला होता का?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"उचलली आन् आणली, सायेब. आमाला तिचं स्टँड लावाया जमंना. का वं?"

"काही नाही."

दादासो स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पंचनामा त्यांनी वाचला होता. ओळखीच्या वळणावर म्हाताऱ्याचा तोल गेला, गाडी चरात गेली, मान मोडली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, जागच्या जागी. चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण चालत्या गाडीचा कॉक बंद नसतो, आणि मेलेला माणूस तो बंद करत नाही. लाला एक वेळ श्वास घ्यायला विसरला असता, कॉक ओढायला विसरला नसता.

शिपायानं एका पिशवीत सामान आणून दिलं. घड्याळ, चष्मा, हेल्मेट. हेल्मेट प्रेताशेजारी पडलेलं होतं म्हणे. हँडलला अडकवलं असणार, घातलं असतं तर म्हातारा वाचला असता. दादासोंनी ते उलटसुलट करून पाहिलं. मागच्या बाजूला ताजा, खोल ओरखडा होता आणि त्यात माती रुतली होती. हनुवटीखालचा पट्टा पार शेवटपर्यंत सैल केलेला होता. लालाचं तोंड तर सुपारीएवढं.

टेम्पो निघाला. दादासो ड्रायव्हरशेजारी बसले. लाला पडला तेव्हा तिथं दुसरं कुणीतरी होतं. त्यानं गाडीचा कॉक बंद केला होता, आणि माणसाला तसंच टाकून तो निघून गेला होता.

२

आष्ट्यात ती गाडी 'इटली' म्हणूनच ओळखली जायची. टाकीवर बोरेल्ली असं पुसट नाव होतं. एके काळी गिलेरा, मोरिनी, डुकाटी अशा मोठ्या कंपन्यांच्या जोडीनं इटलीत गल्लीबोळात गाड्यांचे छोटे कारखाने होते, त्यातलाच हा एक, कधीच बुडालेला. लालाचे वडील महायुद्धात इटलीत लढून आलेले. त्या देशाच्या गोष्टी ऐकतच लाला वाढला. पुढं स्वतः फौजेत मेकॅनिक झाला आणि पुण्याला असताना भंगारात ही गाडी दिसली, तेव्हा बापाच्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखा तिला घरी घेऊन आला.

इंजिन अवघं एकशेपंचवीस सीसीचं, पण गाडी बुलेटसारखी धडधडायची नाही. चढाला लागली की गळा मोकळा करून गायची. खोड्या मात्र लय. किक डाव्या बाजूला. दिवा काजव्याएवढा. सुरू करण्याआधी कार्बोरेटरचं बटण दाबून बोटाला पेट्रोल लागेपर्यंत थांबायचं, घाई केली की रुसायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर उचलायचा, पुढचे खाली दाबत जायचं. आणि थांबली की आधी कॉक, नाहीतर पेट्रोल वाहून तापल्या इंजिनावर सांडायचं.

लाला ती कुणाला चालवायला देत नसे. पोटच्या पोरानं, वीरधवलनं, विशीत असताना मागितली, तेव्हा "आधी तुझ्या पायाला शिकव" म्हणाला होता. त्यानंतर वीरधवलनं मागितली नाही.

दादासो मात्र मागं बसून पुष्कळ हिंडले होते. अपघाताच्या आदल्या दिवशीही लाला आधी त्यांच्याकडंच आला होता.

"उद्या कोयनेकडं जुन्या गाड्यांचा मेळा हाय," तो म्हणाला. "मागं बस. जाऊन येऊ."

"गुडघा धरलाय रं," दादासो म्हणाले.

गुडघ्याला काही झालं नव्हतं. टीव्हीवर मॅच होती, आणि दिवसभर कार्बोरेटरच्या गप्पा ऐकायचा कंटाळा आला होता. एवढंच. लाला "बरं" म्हणून गेला. गुडघ्याला लावायला तेल मात्र सांगून गेला.

आता दादासो लालाच्या घरात त्याच्या बायकोसमोर, रंगूबाईंसमोर, बसले होते. टेम्पोतून गाडी शेडमध्ये उतरवून झाली होती. वीरधवल भिंतीला टेकून खाली बघत होता. चांगला आडव्या बांध्याचा माणूस, आठवड्यात खंगला होता. उजव्या हाताला पट्टी होती. कंपनीत लेथवर लागलं म्हणाला. गाडीचं बोलणं निघालं तसा तो उठून मागच्या दारानं रानात गेला.

"वहिनी," दादासो म्हणाले, "लाला त्या दिवशी एकटाच निघाला होता का?"

"एकलेच गेले. वीरू ड्यूटीवर गेला, त्याच्या मागोमाग हे." रंगूबाईंनी पदराच्या टोकानं भांड्याची कड पुसली. भांडं आधीच स्वच्छ होतं. "भावजी, इचारताच हाय तर सांगते. त्यास्नी मीच मारलं."

३

"आदल्या दिसाला जेवताना बोलले मी," रंगूबाई म्हणाल्या. "म्हनलं, पोरगं चाळिशीला आलं, त्याला एक चक्कर मारू देत न्हाई. मेल्यावर छातीवर बांधून नेणार काय ही गाडी? असं बोलले. भरल्या ताटावर. आन् दुसऱ्याच दिशी तसंच झालं."

"लाला काय म्हणाला?"

"काय न्हाई. हात धुतला आन् हसला."

दादासोंनी त्यांना बोलण्यानं कुणी मरत नसतं वगैरे सांगितलं. त्यांचं स्वतःचं मन ते ऐकत नव्हतं, मग रंगूबाईंचं कुठून ऐकणार? गुडघ्याचं खोटं तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळून ते उठले.

गावात त्या गाडीला हात लावू शकणारा दुसरा माणूस म्हणजे तानाजी. त्याचं गॅरेज लाला गेला त्या दिवसापासून बंद होतं. तो घरात अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"दादासो, मला बोलायचं न्हाई."

"कॉकचं तुला ठाऊक आहे. मला, लालाला, वीरूला. आणखी कुणाला?"

"सांगलीच्या यशराजला. गाडी बघाया यायचा त्यो." तानाजी उठून बसला. "कॉकचं सोडा. मागचा ब्रेक मी भरला हुता, आदल्या दिशी. दांड्याची पिन बसवली का न्हाई, आठवंना. गिऱ्हाईक आलं, बोलत बसलो. ती पिन न्हाई बसवली आन् ब्रेक सुटला. माझ्या हातनं गेला लाला."

"गाडी बघितलीस?"

"कुठल्या तोंडानं बघू?"

दादासोंनी त्याला हाताला धरून लालाच्या शेडमध्ये आणलं. तानाजी दारात थांबला. मग गुडघे टेकून मागच्या चाकाशी वाकला. पिन जागेवर होती. दोघांनी क्लच धरून गाडी ढकलली, डाव्या पायानं ब्रेक दाबला. चाक कचकन जागच्या जागी थांबलं. तानाजी तसाच जमिनीवर बसून राहिला, आणि बराच वेळ त्याचे खांदे हलत होते.

"क्लच सोडला की हलत नाही ही," दादासो म्हणाले. "गिअरमध्ये आहे."

तानाजीनं डोळे पुसून पायानं गिअर चाचपला. "चौथ्यात हाय." तो थबकला. "असं कसं? त्यो उतार, त्यो वळसा. लाला तिथं दुसऱ्यात घेतो. लय झालं तर तिसऱ्यात."

"आणि हे बघ."

गिअरचा पातळ दांडा खाली वाकला होता.

"पडताना वाकला असंल."

"गाडी डाव्या अंगावर पडली आहे. ओरखडे सगळे डावीकडं. उजवीकडचा दांडा कशानं वाकला?"

तानाजीनं दांड्यावरून बोट फिरवून पाहिलं. आणखी एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली होती, ती तानाजीनं बोलून दाखवली. लालाच्या गाडीवर मागच्या माणसाची पायदाणं नेहमी दुमडलेली असायची, दादासो बसणार असले तरच उघडायची.

दोन्ही पायदाणं उघडी होती.

४

यशराज सांगलीत विश्रामबागेकडं राहायचा. बंगल्याखाली जुन्या गाड्यांची रांग होती, त्यात तीन इटालियन. लाला गेल्यावर चौथ्याच दिवशी तो आष्ट्याला येऊन 'इटली' कुठं आहे विचारून गेला होता. गावाला ते आवडलं नव्हतं. दादासोंनाही नाही.

"माणसाची राख निवली नव्हती," ते त्याला म्हणाले.

यशराज तिशीतला, नीटनेटका मुलगा. त्याची मान खाली गेली. "चुकलंच ते, काका. मला भीती वाटली, कुणीतरी भंगारात घालेल म्हणून. मला ती घ्यायची होती हे खरंय. नाही म्हणत नाही."

"त्या दिवशी कुठं होतास?"

त्यानं मोबाइलवर मेळ्याचे फोटो दाखवले. सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्येक फोटोत तो कुणा ना कुणाच्या गाडीजवळ उभा होता. एका फोटोत सगळे हसत होते.

"हा फोटो नको," म्हणत त्यानं मोबाइल घाईघाईनं मागं घेतला.

"का?"

"लालाकाका आले नाहीत म्हणून कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, ‘इटलीची राणी रुसली असेल वाटेत, आजोबा ढकलत असतील.’ त्यावर सगळे हसले. तेव्हाचा फोटो आहे हा." तो थांबला. "मी गाडी घेऊन मागं बघायला जायला हवं होतं. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. मी चहा पीत बसलो."

दादासोंच्या रागाला धरायला जागा उरली नाही. टीव्हीपुढं पाय पसरून बसलेला माणूस त्यांना दिसत होता.

"त्या दिवशी त्याचा काही फोन?"

"आला होता ना. पाटणमधून, चहाला थांबले होते तिथून. लय खुशीत होते. म्हणाले, ‘आज मी एकटा न्हाई येत. आज तुमाला एक गंमत दावतो.’" यशराजनं त्यांच्याकडं पाहिलं. "मला वाटलं, तुम्हीच असणार, काका. तुम्ही नव्हता?"

५

पंचनाम्यात पहिला पाहणारा म्हणून केरबा धनगराचं नाव होतं. आपली मेंढरं घेऊन तो माणदेशातून दरवर्षी तिकडच्या मोकळ्या माळांवर यायचा. दादासो त्याला शोधत पाटणच्या पुढं गेले, तेव्हा तो उताराच्या वरच्या अंगाला घोंगडी टाकून बसला होता. खाली ते वळण दिसत होतं.

"सांगितलं की पोलिसास्नी," केरबा म्हणाला. "आलो, बघितलं, गावात वर्दी दिली."

"पोलिसांना सांगितलंस ते वाचलं मी. मी आता पोलीस नाही. तो माझा दोस्त होता."

केरबा काठीनं माती उकरत राहिला. मेंढरांच्या घंटा वाजत होत्या.

"तुझी मेंढरं कुठं होती तेव्हा?" दादासोंनी सहज विचारलं.

काठी थांबली.

"सायेब, मुकी जनावरं ती," केरबा हळूच म्हणाला. "एक कोकरू उतरलं रस्त्यावर, त्याच्या मागं सगळी. मी वरनं हाका मारतोय तवर गाडी आली. हळू येत हुती. थांबंल असं वाटलं मला. तर थांबायच्या जागी ती सुटलीच एकदम, जोरात. मेंढरं चुकवली आन् चरात गेली. एक बी मेंढरू मेलं न्हाई माझं." हे शेवटचं वाक्य त्यानं असं सांगितलं, जणू तोच त्याचा गुन्हा होता. "मी भ्यालो. कळप घेतला आन् टेकाडामागं पळालो. मग जीव राहवंना म्हनून परत आलो, तर म्हातारा एकटाच."

"एकटाच म्हणजे?"

"दोघं हुती की गाडीवर. म्हातारा मागं बसला हुता, बोडका. चालवणाऱ्याच्या डोस्क्यावर टोपडं हुतं, त्ये तुमचं हेल्मेट. तोंड न्हाई दिसलं मला."

दादासो वळणाकडं पाहत राहिले. लालानं गाडी दुसऱ्याच्या हातात दिली होती. जी पोराला दिली नाही, ती दिली होती. आणि आपल्या डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याला घातलं होतं.

"माझ्यावर केस हुईल काय?" केरबानं विचारलं.

"नाही होणार."

"झाली तर बरं वाटंल," केरबा म्हणाला, आणि मेंढरं वळवायला उठला.

६

परतताना दादासो स्वतःच्या मोटारसायकलवर होते. साधी, नव्या जमान्याची, नातवानं पसंत केलेली. कराड मागं पडलं. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: थांबायच्या जागी ती सुटलीच.

पुढच्या ट्रॉलीतून उसाची मोळी घसरून रस्त्यावर पडली.

दादासोंनी विचार केला नाही. उजवा पाय आपोआप खाली गेला, ब्रेक दाबला गेला, गाडी थांबली. मागच्यानं हॉर्न वाजवला. दादासो मात्र हललेच नाहीत. ते आपल्या उजव्या पायाकडं बघत होते.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बाभळीखाली बसले.

रोज अशी गाडी चालवणाऱ्या माणसाचा पाय संकटात उजवीकडंच जाणार. 'इटली'वर उजवीकडं ब्रेक नाही, गिअर आहे. आणि दाबला की वरचा पडतो. मेंढरं दिसली, त्यानं जीव खाऊन ब्रेक म्हणून गिअर दाबला, पुन्हा दाबला. दांडा वाकला. गाडी चौथ्यात गेली. इंजिननं धरलेला उतार सुटला, आणि म्हणून ती थांबायच्या जागी धावली.

लालाचा पाय असं करणार नाही. तानाजी आयुष्यभर जुन्या बुलेटवर बसला. तिचाही गिअर उजवीकडं. त्याचा पाय चुकणार नाही. यशराजच्या घरी तर असल्याच गाड्या, शिवाय तो मेळ्यात होता. दादासो स्वतः घरी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

राहिला तो, जो रोज साध्या मोटारसायकलवर कामाला जातो. ज्याचं तोंड रुंद आहे. पडल्यावरही ज्याच्या हातांनी आधी कॉक शोधला, कारण तो कॉक त्याच हातांनी लेथवर केला होता. कुपवाडला.

आणि ज्याच्यासाठी आईनं आदल्या दिवशी भरल्या ताटावर भांडण काढलं होतं. लाला हात धुऊन हसला, तो का हसला होता, ते आता दादासोंना कळलं.

कळलं नसतं तर बरं, असंही त्यांना त्याच वेळी वाटलं. पोलिसांची फाइल मिटली होती. गाव सावरत होतं. ते उठून आष्ट्याच्या रस्त्याला लागू शकत होते. बाभळीची सावली सरकून ऊन अंगावर आलं, तरी ते तिथंच बसून होते.

मग त्यांनी गाडी कुपवाडच्या दिशेनं घातली.

७

कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. जेवणाच्या सुट्टीत वीरधवल बाहेर आला. दादासोंना पाहून तो समोर येऊन बाकावर बसला.

"हाताचं काय म्हणतंय?" दादासोंनी विचारलं.

"बरं हाय."

"लेथवर नाही लागलं ते."

वीरधवलनं मान हलवली. नाही.

मग तो बोलायला लागला तेव्हा थांबलाच नाही, जणू कुणीतरी यायची वाटच बघत होता. त्या सकाळी तो निघताना लाला दारात येऊन हळूच म्हणाला होता, कराडला स्टँडवर थांब, आईला बोलू नको. कराडला त्यानं आपली गाडी लावली आणि तो बापाच्या मागं बसला. पाटणला चहा झाला. पुढं चढ संपल्यावर लालानं गाडी थांबवली. खाली उतरला. आपलं हेल्मेट काढून वीरधवलच्या डोक्यावर घातलं, पट्टा सैल करून स्वतः लावला.

"चालवणाऱ्यानं घालायचं, म्हनले. मी न्हाई न्हाई म्हणत हुतो, काका. म्हनले, तुझी आई लय वर्सांनी खरं बोलली. आता मेळ्यात दोघं जाऊ, परत येताना तू मला बसवून घरला न्यायचं, तिच्या म्होरं उभी करायची." त्यानं बाकाची कड धरली. "मागनं सांगत हुते. आता उचल. आता दाब. आवाज ऐक, म्हनले, ती सांगती कवा दाबायचं. काका, मला जमत हुतं. ते मागं हसत हुते."

"आणि मेंढरं आली."

"पाय उजवा गेला."

टपरीवाल्यानं दोन चहा ठेवले. कुणी उचलले नाहीत.

"मी उठलो तवा पेट्रोलचा वास आला. कॉक बंद केला. का केला ठाव न्हाई. मग त्यांच्याकडं वळलो. आधी गाडी बघितली मी, काका. बाप नंतर." त्यानं पट्टीचा हात तोंडावर घेतला. "हाका मारल्या. मग एकदम आई दिसली डोळ्याम्होरं. तिला काय सांगू? एक दिस गाडी दिली आन् मी बापाला मारला? हेल्मेट काढून तिथं ठेवलं. वर रस्त्याला आलो, वडापच्या जीपला हात केला, कराडला उतरलो, माझी गाडी घेतली आन् अर्ध्या दिसाच्या ड्यूटीवर आलो. मशीन चालू केली. फोन आला तवा मशीनवर हुतो."

दादासो काही बोलणार तोच त्यानं त्यांचा दंड पकडला.

"त्यांचा हात गरम हुता, काका. मी निघालो तवा गरम हुता. मी त्यास्नी जित्ता टाकून आलो का? एवढं सांगा. दुसरं काय इचारत न्हाई."

आठवडाभर हा माणूस हा प्रश्न घेऊन मशीनवर उभा राहत होता.

"मी रिपोर्ट वाचलाय," दादासो म्हणाले. "मान मोडली. पडता क्षणी गेला लाला. हात गरम राहतो काही वेळ. मी पुष्कळ प्रेतं पाहिलीत."

वीरधवल त्यांच्याकडं बघत राहिला. खरं बोलताहेत की समजूत घालताहेत, ते तपासत.

"खरं बोलतोय मी. पण ते तू पाहायला थांबला नव्हतास, हेही खरंच आहे."

"व्हय," तो म्हणाला.

"आईला सांगायचं."

"तुमी सांगा."

"नाही रं. ते मी नाही सांगणार."

८

रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचे हात गहू निवडत होते. वीरधवलचं सांगून झालं तरी ते थांबले नाहीत.

"किती लांब चालवलीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चढापासनं त्या वळणापतोर."

"मागं बसून हसत हुते म्हणतोस?"

"व्हय, आई."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पाय चुकला, त्याला तू काय करशील? माझी जीभ चुकली, तसा तुझा पाय. पर त्यास्नी रस्त्याकडंला एकलं टाकून आलास तू. कोल्ह्याकुत्र्याचं भ्या बी न्हाई वाटलं तुला." आवाज चढला नव्हता. "ते माझ्या मनातनं कवा जाईल, मला ठाव न्हाई. जाईल का न्हाई, त्ये बी ठाव न्हाई."

वीरधवल खाली मान घालून बसला.

दादासोंना वाटलं, बोलायचं तर आत्ताच. "वहिनी, त्यानं मला आधी विचारलं होतं. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खोटं होतं ते. मी गेलो असतो तर—"

"तर माझ्या पोराला गाडी मिळाली नसती," रंगूबाई म्हणाल्या, आणि चुलीकडं वळल्या.

हे माफ करणं होतं की दुसरंच काही, ते दादासोंना तेव्हा कळलं नाही, आणि नंतरही कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं पाटणला निघाले. वीरधवल एकटा जातो म्हणाला होता. रंगूबाईंनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं आणि चपला घातल्या. पाटणला उतरल्यावर आधी त्यांनी जीप करून ते वळण दाखवायला सांगितलं. तिथं पोचल्यावर त्या चरात उतरल्या. "ते कुठं हुते? तू कुठं हुतास?" वीरधवलनं हातानं जागा दाखवल्या. जिथं लाला पडला होता तिथं त्या वाळल्या गवतावर बसल्या, वरच्या माळावर कुणाची तरी मेंढरं चरत होती ती पाहत. वीरधवल थोडा लांब उभा होता. बऱ्याच वेळानं त्यांनी त्याला हाताच्या खुणेनं जवळ बोलावलं आणि उठायला त्याचा आधार घेतला.

ठाण्यात साहेब तरुण होते. मिटलेली फाइल पुन्हा उघडायची म्हटल्यावर त्यांनी आधी दादासोंकडं पाहिलं, मग वीरधवलकडं.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," वीरधवल म्हणाला. साहेबांनी खुर्ची दाखवली. तो बसला आणि सांगू लागला.

रंगूबाई त्याच्या मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाक होता, तरी बसल्या नाहीत. हयगयीनं गाडी चालवल्याची केस होणार होती, वकील बघावा लागणार होता, कंपनीत कळवावं लागणार होतं. ते सगळं पुढं यथावकाश झालं.

दादासो बाहेर आले. आवारात ऊन होतं. एक शिपाई जप्त केलेल्या गाड्यांवर पाणी मारत होता. त्यानं दादासोंना ओळखलं, खुर्ची आणून दिली, आणि "तुमचं काय काम हुतं, सायेब?" असं अदबीनं विचारलं.

"माझं काही नाही," दादासो म्हणाले.

आत वीरधवलचा आवाज संथपणे चालू होता. ज्याचं लिहून घेता येत होतं, त्याचं लिहून घेणं चाललं होतं. दादासो उन्हातच बसून राहिले, मायलेक बाहेर येईपर्यंत.